कागद जिथे जन्मतो, तिथे जाऊन वाच

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

तुझे पत्र मिळाले. विकसकाच्या विक्री कार्यालयातली नोकरी टिकवावी की बँकेच्या गृहकर्ज विभागात जावे, की स्वतःची नोंदणी करून एजंट म्हणून उभे राहावे, असे तू विचारले आहेस; आणि त्याच पत्राच्या शेवटी, जणू तो निराळाच विषय असावा तसे, बाबा चिपळूणजवळची जमीन विकून डोंबिवलीत फ्लॅट घ्यायचे म्हणत आहेत, तर भाव आणखी चढण्याआधी घेऊन टाकावा का, असेही विचारले आहेस. तू मेहनती आहेस, लोकांशी नीट बोलतेस, खोटे बोलताना तुझी जीभ अडखळते, हे सगळे मला ठाऊक आहे, म्हणून त्यावर शाई खर्च करत नाही. या सगळ्या प्रश्नांना माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते तुला या पत्रात पुन्हा पुन्हा वाचावे लागेल: कागद जिथे जन्मतो, तिथे जाऊन वाच.

तुझ्या कार्यालयात साहेबांनी तुला एक फाइल दिली आहे. तिच्यात बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीची झेरॉक्स आहे, जमिनीची मालकी कोणाची हे सांगणारा वकिलाचा टायटल रिपोर्ट आहे, गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, म्हणजे महारेराचा नोंदणी क्रमांक आहे. तू लिहितेस की सगळे कागद क्लिअर आहेत. मुली, ते क्लिअर आहेत हे तुला कोणी सांगितले? ज्याला फ्लॅट विकायचे आहेत त्याने. प्रमाणपत्र जन्मते महापालिकेच्या नगररचना विभागात, सातबारा तलाठ्याच्या दप्तरात, आणि खरेदीची नोंद दुय्यम निबंधकाकडे. या तीन ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी तू गेलेली नाहीस, आणि तरीही आठवडाभर लोकांना साइटवर नेऊन आणतेस.

आपण कल्याण-डोंबिवलीत राहतो, त्यामुळे हे सांगायला मला लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून उभ्या केलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये उघडकीस आले, गुन्हे दाखल झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तिथे घरे घेतलेल्या माणसांनी काही निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी महारेराचा क्रमांक पाहिला होता, साठेखत, म्हणजे घर विकत घेण्याचा करार नोंदवला होता, मुद्रांक शुल्क भरले होते, आणि अनेकांना बँकांनी कर्जही दिले होते. क्रमांक खरा होता, कर्ज खरे होते, हप्ता तर दर महिन्याला खराच कापला जात होता. खोटा होता तो सर्वांत खालचा एक कागद, ज्याच्यावर बाकीचे सगळे रचले होते. तो महापालिकेच्या जावक नोंदवहीशी ताडून पाहिला असता तर तिथेच उघडा पडला असता. हे काम एजंटाचे होते असे मी मानते. कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेव. जो माणूस व्यवहाराच्या दलालीवर घर चालवतो, त्याने हे केलेच पाहिजे.

आणि कायदाही फार निराळे म्हणत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकण्यास मनाई आहे, खोटी माहिती देण्यास मनाई आहे, आणि नियम मोडल्यास दिवसाला दहा हजार रुपये, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. ती परीक्षा तू सहज पास होशील. पण त्या परीक्षेत कलमे विचारतात. नगररचना विभागात बाकावर बसून प्रमाणित नक्कल मिळेपर्यंत कसे थांबायचे हे विचारत नाहीत.

म्हणून ते मी सांगते. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख लिहून घे आणि संबंधित कार्यालयात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज कर. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर, त्याला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. प्रत हातात आली की सर्व्हे क्रमांक आणि हिस्सा क्रमांक सातबाऱ्याशी जुळतो का ते पाहा, कारण शेजारच्या हिश्श्याची परवानगी दाखवून भलत्याच जमिनीवर इमारत चढवल्याची उदाहरणे आपल्या भागात आहेत. मग मजले मोज. परवानगी कित्येकदा आधी जोत्यापर्यंतचीच असते, पुढच्या मजल्यांची नंतर मिळते, आणि तुझ्या ग्राहकाला दाखवलेला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट अजून कागदावर जन्मलेलाच नसतो. सातबाऱ्यावर नाव बघून थांबू नकोस. ‘इतर हक्क’ हा रकाना वाच, तिथे कुळाचे नाव असते, बँकेचा बोजा असतो, कोर्टातल्या दाव्याची नोंद असते. भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असे दिसले तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागद माग. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागे मागे वाचत जा आणि दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा सर्च घे, म्हणजे त्या मिळकतीचे तितक्या वर्षांतले नोंदलेले व्यवहार तपास. हे कंटाळवाणे आहे हे मला मान्य आहे. कंटाळा आला तर हा धंदा सोड, दुसरे काम कर. त्यात कमीपणा काहीच नाही.

मी कठोर बोलते आहे, पण त्यामागे एक गोष्ट आहे. आमच्या ओळखीतले एक कुटुंब अशाच एका इमारतीत घर घेत होते आणि सल्ला विचारायला माझ्याकडे आले होते. मी त्यांना नको म्हणाले. का नको, तर माझे मन सांगत होते, भाव आजूबाजूच्या मानाने फारच कमी होता, आणि बांधकामाचा वेग परवानगी घेऊन बांधणाऱ्याचा वाटत नव्हता. त्यांना वाटले, यांना दलाली मिळत नाही म्हणून मोडता घालत आहेत. घर त्यांनी घेतले. आता ते घर कोर्टाच्या आदेशाखाली आहे, आणि रस्त्यात भेटले की ते माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखे बोलत नाहीत. माझ्याकडे त्या दिवशी शंका होती, नक्कल नव्हती. शंकेने कोणाचे मन वळत नाही, वळूही नये. नक्कल टेबलावर ठेवली असती तर त्यांनी घरी जाऊन वाचली असती. याची हळहळ मला अजून आहे आणि ती जाणार नाही.

त्यानंतर मी हट्टी झाले असे लोक म्हणतात. प्रमाणित प्रत पाहिल्याशिवाय मी नव्या इमारतीतला एकही फ्लॅट दाखवत नाही, मग ग्राहक दुसऱ्याकडे गेला तरी चालेल. जातातही. माझ्याबरोबर कार्यालय चालवणारी मैत्रीण याच कारणावरून वेगळी झाली. तिचे म्हणणे होते की कागद बघणे वकिलाचे काम, आपण घर दाखवावे, टोकन घ्यावे आणि पुढच्या पार्टीकडे वळावे. तिचा व्यवसाय माझ्यापेक्षा मोठा झाला आणि आमचे बोलणे संपले. मला तिची आठवण येते. तरीही मी पुन्हा तेच करीन, कारण घर दाखवणे म्हणजेच त्या घराविषयी शब्द देणे असते. ग्राहक वकिलाचे तोंड पाहत नाही, तो आपले तोंड पाहतो. माझ्या हट्टाने मला जे मिळाले नाही त्याचा हिशेब लोक करतात. माझ्या हातून विकलेल्या घरात राहणारी माणसे सण आला की फोन करतात, तो हिशेब कोणी करत नाही.

आता भावाविषयी. भाव चढतील का, हे तू मला विचारतेस, आणि विक्री कार्यालयात बसून दिवसभर तूच लोकांना चढतील म्हणून सांगतेस. पुढचा भाव मला सांगता येत नाही. घाईने काय होते ते मात्र मी पाहिले आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले, पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये सवलत दोन टक्के राहिली, आणि त्या महिन्यांत लोक घराकडे कमी आणि कॅलेंडरकडे जास्त पाहत होते. शुल्कात लाखभर वाचवण्यासाठी साठेखताचा मसुदा न वाचता सह्या झाल्या. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, चार टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला, आणि ज्यांनी स्वस्त व्याज कायमचे समजून ताणून कर्ज घेतले होते त्यांच्या कर्जाची मुदत निवृत्तीपलीकडे गेली. चाळीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो आणि पहिल्या हप्त्यातले २८,३०० रुपये नुसत्या व्याजात जातात. ही आकडेमोड ग्राहकासमोर कागदावर करून दाखवण्याची हिंमत तुझ्यात आहे का, हे स्वतःला विचार. दाखवल्यावरही जो घर घेतो, तो घर टिकवतो.

भावाचा आणखी एक कागद असतो, तो म्हणजे कार्पेटचा, घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेचा. तुमच्या माहितीपत्रकात ६२० चौरस फूट विक्रीयोग्य क्षेत्र आणि ४८ लाख किंमत, म्हणजे फुटाला साधारण ७,७५० रुपये असे तू सांगतेस. साठेखतात कार्पेट ४१० असेल तर तो भाव ११,७०० पडतो. रेरानंतर विक्री कार्पेटवरच व्हायला हवी, तरी तोंडी बोलताना सगळा बाजार अजून जुनाच आकडा सांगतो. तू सांगू नकोस. यात तुझे टार्गेट हुकले तर हुकू दे.

नोकरीविषयी माझे मत स्पष्ट आहे. विकसकाच्या कार्यालयात तुला एकाच माणसाचे कागद दिसतात, तेही त्याने दाखवलेले. बँकेत तुला पगार वेळेवर मिळेल, घरी समाधान राहील, पण गृहकर्ज विकणाऱ्या माणसाच्या टेबलावर टायटल रिपोर्ट वकिलाकडून तयार होऊनच येतो. तो वाचायची सवय लावून घेतलीस तर ती नोकरी चांगली आहे, रिपोर्ट नुसते गोळा करून पुढे पाठवायचे असतील तर तिथेही तू हेच करशील जे आज करतेस. माझे ऐकशील तर एखाद्या सर्च घेणाऱ्या वकिलाकडे काम धर. पैसे कमी मिळतील. निबंधक कार्यालयातल्या जुन्या नोंदी, भूमी अभिलेखातले नकाशे, महापालिकेतल्या खिडक्या, सगळे पायाखालचे होईल. इथल्या शेकडो जुन्या इमारती पुनर्विकासाला आल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी सोसायट्यांच्या नावे जमीनच नाही. मूळ मालकाच्या वारसांचा शोध आणि मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे मालक जमीन नावावर करून देत नसेल तर ती सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावे करून घेणे, हीच पुढची मोठी कामे आहेत. ती करायला फाइल वाचता येणारा माणूस लागतो, आणि असा माणूस आपल्या धंद्यात दुर्मीळ आहे. एजंटची नोंदणी त्यानंतर कर.

‘मला लोकांमध्ये राहायला आवडते, कार्यालयांत खेटे घालायला नाही,’ असे तू लिहिले आहेस. हे वाक्य वाचून मला राग आला. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला एक बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे गेली. खेटे घालण्याचा कंटाळा हा आपल्या धंद्यात स्वभावाचा प्रश्न राहत नाही. कागद जिथे जन्मतो, तिथे जाऊन वाच; लोकांमध्ये राहायला त्यानंतर भरपूर वेळ मिळतो.

बाबांच्या जमिनीचे आता सांगते. ज्या जमिनीच्या भरवशावर ते फ्लॅट घेऊ पाहत आहेत, तिचा सातबारा तू कधी वाचला आहेस का? कोकणातला सातबारा बहुधा सामाईक असतो. आजोबांचे भाऊ, त्यांची मुले, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मुंबईत स्थायिक झालेले चुलते, सगळ्यांची नावे तिथे असतात किंवा असायला हवी असतात. वाटप झाले नसेल तर बाबा विकतील तो त्यांचा अविभक्त हिस्सा, आणि एका चुलत्याने हरकत घेतली की पैसे अडकतील. शिवाय शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकता येते, त्यामुळे आज जो मोठा भाव देतो आहे त्याचा शेतकरी असल्याचा दाखला आधी पाहा. जमिनीच्या भरवशावर इथे फ्लॅटचे टोकन देऊन बसलात आणि तिकडे व्यवहार लांबला, तर दोन्हीकडून अडचण होईल. दुसऱ्यांना घरे दाखवत फिरणाऱ्या मुलीने स्वतःच्या घरचा कागद वाचलेला नसावा, हे मला सहन होत नाही.

तेव्हा बाबांना सांग की कोणाकडूनही इसार घेऊ नका आणि इसारपावतीवर सही करू नका. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ अ, म्हणजे खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, ऑनलाइन काढ, जुने फेरफार तहसील कार्यालयातून माग. तुमच्या प्रकल्पाच्या प्रारंभ प्रमाणपत्रासाठी महापालिकेत तुझ्या स्वतःच्या नावाने अर्ज टाक आणि साहेब काय म्हणतात ते मला कळव. त्यांचा प्रकल्प चोख असेल तर ते तुला अडवणार नाहीत. साठेखताचा मसुदा घेऊन शनिवारी दुपारी कार्यालयात ये. कलमे बरीच आहेत, जेवून ये.

तुझी,
काकू