घरचं लोशन दोन दिवसांत फुटतं, झँथन गम घालू का?

तुम्ही लिहिलंय की बदामतेल, गुलाबपाणी आणि मधमाश्यांचं मेण गरम करून घोटलं, लोशन पांढरंशुभ्र झालं आणि दोन दिवसांत तेल वर, पाणी खाली. आता कुणीतरी सांगितलं म्हणून झँथन गम आणायला निघालाय. जरा थांबा.

झँथन दाटपणा देतो, तेल-पाणी एकत्र बांधत नाही. पाणी दाट झालं की तेलाचे थेंब वर यायला जास्त वेळ लागतो, इतकंच. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत राहतात आणि आज ना उद्या लोशन फुटतंच. तुमच्या कृतीत दाटपणा कमी नाहीये, इमल्सिफायरच, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थच, नाहीये.

मेण हा इमल्सिफायर आहे असं बऱ्याच व्हिडिओंत ठासून सांगतात. नुसतं मेण ते काम करत नाही. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणाबरोबर टाकणखार (बोरॅक्स) असायचा. मेणातली आम्लं आणि टाकणखार मिळून साबण तयार होतो आणि तो साबण तेल-पाणी धरून ठेवतो. त्यात पाण्याचे थेंब तेलात अडकलेले असतात, म्हणून ती क्रीम जड आणि तेलकट लागते. पुण्याच्या एप्रिलात ती चेहऱ्यावर कोण लावणार? शिवाय टाकणखार खरचटलेल्या त्वचेवर किंवा लहान मुलांना लावायची वस्तू नव्हे. मी तो घरात आणत नाही.

हलकं लोशन हवं तर तेल आत आणि पाणी बाहेर अशी रचना लागते. त्यासाठी सुरुवातीला इमल्सिफाइंग वॅक्स घ्या. त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात सेटिअरिल अल्कोहोल आणि पॉलिसॉर्बेट 60 असतं. पाकिटावर घटक वाचाच, कारण नुसतं सेटिअरिल अल्कोहोल दिसायला तसंच पांढऱ्या दाण्यांचं असतं आणि ते एकटं लोशन धरत नाही. आणि दुकानात मोघम ‘वॅक्स’ मागू नका, मेणबत्तीचं पॅराफिन हातात पडेल.

ऑलिव्हेम 1000 हा दुसरा तयार इमल्सिफायर त्वचेवर जास्त मऊ लागतो, पण चोळताना पांढरे पट्टे उठू शकतात. बीटीएमएस हा आणखी एक इमल्सिफायर केसांच्या कंडिशनरसाठी उत्तम, कारण त्यावर धन प्रभार असतो आणि तो केसांना धरतो. मात्र झँथन आणि कार्बोमर (हाही दाटपणा देणारा पदार्थ) दोन्ही ऋण प्रभाराचे, त्यामुळे बीटीएमएसबरोबर घातले तर गुठळ्या होऊ शकतात. तिथे दाटपणासाठी हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज बरं. एचएलबीच्या, म्हणजे इमल्सिफायरचा ओढा पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती हे सांगणाऱ्या आकड्यांनी घाबरू नका. रसायनशास्त्रज्ञ ग्रिफिन यांनी 1949 मध्ये मांडलेलं ते गणित आहे. साधारण 8 च्या वर आकडा असलेले इमल्सिफायर तुमच्या लोशनच्या कामाचे. तयार वॅक्समध्ये हा हिशेब आधीच केलेला असतो.

दाटपणाचं बघायचं ते यानंतर. कार्बोमर काचेसारखं स्वच्छ जेल देतं, पण त्याला अल्कलीने उदासीन करावं लागतं आणि क्षारांशी त्याचं पटत नाही. कोरफडीचा रस घातला की बऱ्याचदा पाणी होतं. बोअरवेलच्या जड पाण्यानेही तेच, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच वापरा. झँथन सोपं, पण 0.5 टक्क्याच्या वर गेलात की भेंडीसारखी तार सुटते. क्रीमला अंग हवं असेल तर सेटिल अल्कोहोल मला जास्त आवडतं, त्याने चिकटपणा येत नाही.

100 ग्रॅमसाठी हे करून बघा: बदामतेल 15, इमल्सिफाइंग वॅक्स 5, सेटिल अल्कोहोल 2, ग्लिसरीन 3, झँथन 0.2, प्रिझर्व्हेटिव्ह 1 आणि पाणी 73.8 ग्रॅम. पाण्यापैकी निम्मं गुलाबपाणी चालेल. झँथन आधी ग्लिसरीनमध्ये कालवा; थेट पाण्यात टाकलंत तर गोळे होतात आणि ते काही केल्या विरघळत नाहीत. पाण्याचं आणि तेलाचं भांडं दोन्ही 70 ते 75 अंशांपर्यंत तापवून एकत्र करा, हॅन्ड ब्लेंडर थोडा थोडा वेळ फिरवा, थंड होईपर्यंत हलवत राहा. फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून मिळतं, ते 40 अंशांच्या खाली आल्यावर घाला. ते वगळायचं नाही. पाणी असलेल्या लोशनला बुरशी लागते, आणि व्हिटॅमिन ई तेल खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंपासून नाही. चमच्यांनी मापू नका, 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो.

थोडं लोशन दोन बाटल्यांत भरा. एक फ्रिजमध्ये, दुसरी दुपारभर स्कूटरच्या डिकीत, आणि हे आठवडाभर आलटून पालटून. तरीही एकजीव राहिलं तर झँथनचं प्रमाण हवं तसं कमी-जास्त करा. फुटलं तर आधी वॅक्स 6 ग्रॅम करून बघा.