शिवी फिर्यादीत जशीच्या तशी लिहा

जातीवरून किंवा वंशावरून होणाऱ्या अपमानाची प्रकरणे मी अनेक वर्षे चालवतो आहे. त्यासंबंधी वाचकांनी पाठवलेल्या काही प्रश्नांना ही उत्तरे.

प्रश्न : बांधाच्या भांडणात माझ्या आईला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली. गुन्हा दाखल झाला, पण फिर्यादीत दम नाही असे ओळखीचे वकील म्हणतात. असे का? (सातारा जिल्हा)

उत्तर : आपण पाठवलेल्या प्रतीत ‘जातिवाचक शिवीगाळ करून अपमान केला’ एवढे एकच वाक्य आहे, आणि दुखणे तिथेच आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ याच्या कलम ३(१)(आर) मध्ये हेतुपुरस्सर केलेला अपमान येतो आणि ३(१)(एस) मध्ये जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ. दोन्हींना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. एवढी शिक्षा देण्याआधी न्यायाधीश विचारणारच, की नेमका कोणता शब्द, कोणाच्या तोंडून, कुठे आणि कोणाच्या देखत.

हे कसे घडते ते मी ठाण्यात बसून पाहिले आहे. फिर्यादी बाई दाराकडे पाहत, खालच्या आवाजात तो शब्द सांगतात. संगणकावर बसलेला हवालदारही संकोचतो, ‘ते राहू द्या, जातिवाचक शिवी असे घेतो’ म्हणतो आणि पुढच्या ओळीवर जातो. दोघांच्याही मनात काही वाईट नसते. मात्र काही वर्षांनी त्याच बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तो शब्द पहिल्यांदा उच्चारतात, तेव्हा हे फिर्यादीत नमूद नाही एवढे उलटतपासात त्यांच्याकडून वदवून घेतले, की बचाव पक्षाचे निम्मे काम झालेले असते. जो शब्द कोणाच्या कानी पडू नये म्हणून मी भांडतो, तोच सरकारी कागदावर स्वच्छ अक्षरांत उतरवून घेण्यात माझी बरीच शक्ती जाते.

आईंचा पुरवणी जबाब ताबडतोब नोंदवून घ्या. त्यात शब्द, बांधावरची जागा आणि तिथे हजर असलेल्या, नात्यात नसलेल्या माणसांची नावे येऊ द्या. तोंडी दिलेली फिर्याद सही घेण्यापूर्वी वाचून दाखवणे आणि तिची प्रत लगेच देणे हे कलम ४ नुसार पोलिसांचे कर्तव्य आहे, ते या वेळी पाळून घ्या. आणखी एक अडचण आहे. जमिनीचा ताबा हाच वादाचा विषय असेल आणि अपमान जातीमुळे झाल्याचे दिसत नसेल, तर हा कायदा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटले आहे. म्हणून बांधाच्या वादातून जात कशी आणि कधी निघाली, ते जबाबात क्रमाने आले पाहिजे.

प्रश्न : वरिष्ठांनी केबिनचे दार लावून माझ्या जातीचा उद्धार केला. गुन्हा होतो का? (ठाणे)

उत्तर : केबिनमध्ये तुम्ही दोघेच असाल, तर वर सांगितलेल्या ३(१)(आर) आणि (एस) या दोन कलमांखाली कठीण आहे, कारण त्यांना अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला लागतो. तमिळनाडूतील एका महसूल निरीक्षकाला कार्यालयातच शिवीगाळ झाली होती आणि सहकारी नंतर आत आले होते. तो खटला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केला. याउलट २००८ च्या स्वरण सिंग प्रकरणात फिर्यादी घराच्या फाटकाजवळ, गाडीशेजारी उभा होता, आणि ती जागा खासगी असली तरी लोकांच्या नजरेतली आहे, असे न्यायालयाने मानले. मला हा भेद कागदावर पटतो, पण केबिनमध्ये झालेला अपमान त्यामुळे लहान ठरत नाही. कार्यालयीन चौकशीला मात्र अपमान चार भिंतींबाहेर झालेला असण्याची अट नाही, तेव्हा आस्थापनेकडे लेखी तक्रार द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीत अरुणाचल आणि मणिपूरच्या मुली भाड्याने राहतात. काही सभासद त्यांना ‘चिंकी’ म्हणतात. सचिव म्हणून मी काय करावे? (पुणे)

उत्तर : त्यांच्यापैकी कोणी अनुसूचित जमातीची असेल, तर वरचाच कायदा लागू होऊ शकतो. ‘ती जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही’ हा बचाव पूर्वी हमखास घेतला जाई. परंतु एखाद्या राज्यात अनुसूचित असलेल्या व्यक्तीला हे संरक्षण देशभर मिळते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये दिला आहे. मणिपूरच्या मैतेई समाजाची मुलगी असेल, तर ती अनुसूचित जमातीत येत नाही, आणि इथे आपला कायदा तोकडा पडतो. अरुणाचलचा विद्यार्थी निदो तानिया याच्यावर जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत हल्ला होऊन त्याचा मृत्यू झाला, तेव्हा नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमे घालण्याची शिफारस केली. ती तेव्हा अमलात आली नाही आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही असे कलम नाही. ही संधी दवडायला नको होती. तूर्त शांतताभंगास चिथावणी देणाऱ्या अपमानाचे कलम ३५२ आणि स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांचे कलम ७९, एवढाच आधार आहे. त्या मुलींच्या संमतीने तक्रार घ्या आणि सोसायटीच्या इतिवृत्तातही तो शब्द गाळू नका.

प्रश्न : जुन्या दस्तात आमच्या नावापुढे ‘हरिजन’ आहे. हा शब्द आक्षेपार्ह मानतात का? (रत्नागिरी)

उत्तर : होय, आणि आक्षेप जुना आहे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत हे नाव कायद्यात घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले होते. जातीच्या दाखल्यावर हा शब्द लिहू नये, असे केंद्र सरकारने १९८२ मध्येच कळवले आहे. जुना दस्त मात्र खोडू नका. पुरावा म्हणून तो आहे तसाच लागेल.

प्रश्न : मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. या कामावर पोट भरते का? (नांदेड)

उत्तर : निव्वळ यावर नाही; मी दिवाणी कामेही घेतो. सरकारी वकील खटला चालवत असला, तरी याच अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ मुळे पीडिताला जामिनाच्या सुनावणीतही म्हणणे मांडता येते, आणि नव्या वकिलाला शिरकाव तिथेच मिळतो. आरोपी सुटला की ‘केस खोटी होती’ असे लोक म्हणतील. निकालपत्र उघडून पाहा; कित्येकदा तिथे फिर्यादीतली तीच एक मोघम ओळ उद्धृत केलेली आढळेल. म्हणून सुरुवातीची वर्षे एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे जबाब कसा घ्यावा हे शिकण्यात घालवा, आणि समोरची व्यक्ती तो शब्द उच्चारायला लाजत असेल, तर तिच्या हातात कागद द्या. पुष्कळ माणसे जे बोलू शकत नाहीत ते लिहून देतात.