फायबर जोडायला पीएचडी कशाला?

मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत मामांच्या केबलच्या कंत्राटावर ऑप्टिकल फायबर (उजेडातून संदेश नेणारी केसासारखी बारीक काच) जोडायला शिकली आणि आता यातच संशोधन करायचं म्हणते. 'बारावी झालेली पोरं मशीनवर दहा सेकंदांत जोड मारतात, त्यात संशोधन कसलं?' असं तुम्ही छत्रपती संभाजीनगरहून विचारलंय.

साध्या टेलिकॉम फायबरपुरतं तुमचं बरोबर आहे. काच 125 मायक्रॉनची, उजेड धावतो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, तरी मशीन जोडाचा लॉस 0.02 डीबी (डेसिबल) दाखवतं. म्हणजे प्रकाश अर्धा टक्का वाया. शंभरेक मीटर फायबरमध्ये जातो तेवढाच. (हा मशीनचा अंदाज. खरा लॉस ओटीडीआर या फायबरमध्ये उजेड सोडून तपासणाऱ्या यंत्राने दोन्हीकडून मोजतात, मामांना विचारा.)

प्रश्न आहे तो ताकदीचा. काचेवरचा लेप सोलताना स्ट्रिपरचं पातं निसटतं लागलं, उघड्या काचेला काही घासलं, की न दिसणारा ओरखडा राहतो आणि ओढ बसली की फायबर तिथूनच तुटतं. काच अशा बारीक चिरांमुळे कमजोर पडते हे ब्रिटिश इंजिनिअर ग्रिफिथ यांनी 1920 सालीच मांडलं. रस्त्याकडेला हे खपून जातं, कारण जोडावर स्टीलच्या काडीची स्लीव्ह (संरक्षक नळी) असते आणि तो क्लोजरमध्ये, म्हणजे जोडांच्या बंद डब्यात, निवांत पडलेला असतो. समुद्राखालच्या केबलला ती चैन नाही. भक्कम जोडासाठी लेप खरडण्याऐवजी गरम सल्फ्युरिक आम्लाने उतरवण्यापर्यंत लोक गेलेत.

शिवाय आता पोकळ गाभ्याचं फायबर आलंय. आत उजेड हवेतून धावतो आणि भोवती काचेच्या नाजूक नळ्या असतात. मशीन टोकं वितळवून जोडतं; उष्णता जरा जास्त झाली की नळ्या मिटतात, कमी पडली तर जोड कच्चा. ते साध्या फायबरला जोडलं तर हवा-काचेच्या सीमेवर साडेतीन टक्के प्रकाश माघारी फिरतो, आणि दोन्हींतल्या प्रकाशझोताची रुंदीही जुळत नाही. इथे तयार सेटिंग मिळत नाही, ते शोधावं लागतं. बारावीच्या पोराचं काम संपतं ते इथे.

मात्र 'स्प्लायसिंग' (फायबर जोडणं) या एकाच शब्दाला तिने आत्तापासून चिकटू नये. जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन फिजिक्समध्ये एमएस्सी करावी, मग कोचीनच्या कुसॅट विद्यापीठात किंवा आयआयटी दिल्लीत ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्सचं एमटेक, नाहीतर थेट पीएचडी. कोलकात्याच्या सीजीसीआरआय या काच-संशोधन संस्थेत फायबर बनवण्यापासूनचं काम चालतं. माझं झुकतं माप तिकडे, कारण काच ओळखल्याशिवाय जोड कळत नाही. खर्चाचं म्हणाल तर नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की 2023 पासून महिना 37,000 रुपये.

नोकरीची चिंता मला कमी वाटते. तुमच्याच शहरात एसटीएल ही कंपनी फायबर बनवते. फायबर लेसरवाल्यांनाही हे कसब लागतं.

तिचा कल पाहायचा तर जोड ओढून तोडायला सांगा आणि तुटलेली टोकं कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघू द्या. चीर जिथून सुटली तिथे आरशासारखा गुळगुळीत भाग दिसतो. तो जितका लहान, तितका जोड ताकदीचा होता. हे बघण्यात तिची संध्याकाळ गेली तर अडवू नका. कंटाळली तर कंत्राटातही चांगला पैसा आहे. तोडताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि तुकडे चिकटपट्टीवर गोळा करून डबीत टाकावेत; ही काच बोटात शिरली की दिसत नाही.