कर राज्याचा, काम कोणाचं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने कायदा करून, राज्याच्या करातून पैसे देऊन, एकाच परदेशाशी संबंध वाढवण्यासाठी मंडळ चालवलं, तर त्याचा जाब कोणाला आणि कसा विचारायचा? व्हर्जिनियातल्या 'व्हर्जिनिया इस्रायल सल्लागार मंडळा'च्या निमित्ताने वाचकांनी या विषयावर पत्रं पाठवली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : परदेशाच्या फायद्याचं काम राज्याच्या तिजोरीतून होत असेल, तर मंडळाने 'परकीय हस्तक' म्हणून नोंदणी करायला नको का? तसा कायदा आहे ना? (फेअरफॅक्स)

कायदा आहे, पण तो इथे सहजी लागू पडत नाही. 'परकीय हस्तक नोंदणी कायदा' हे त्याचं नाव, इंग्रजी लघुरूप 'फारा'. नाझी प्रचार उघडा पाडण्यासाठी तो १९३८ मध्ये झाला. १९४२ पासून तो केंद्रीय न्याय विभागाकडे आहे आणि १९६६ च्या दुरुस्तीनंतर त्याचा रोख प्रचारापेक्षा लॉबिंगकडे, म्हणजे सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकण्याच्या कामाकडे, वळला. परदेशी सरकारसाठी काम स्वीकारल्यापासून १० दिवसांत नोंदणी करायची, मग दर सहा महिन्यांनी कामाचा आणि पैशाचा तपशील द्यायचा, असा त्याचा गाभा. जाणूनबुजून मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अडतं ते 'हस्तक' या शब्दाच्या व्याख्येत. परदेशी सरकारच्या आदेशावरून, विनंतीवरून किंवा नियंत्रणाखाली काम होत आहे, हे दाखवावं लागतं. एखाद्या देशाला फायदा झाला, एवढं पुरत नाही. आयरिश नॉर्दर्न एड कमिटी या अमेरिकेतल्या संस्थेच्या खटल्यात १९८२ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने 'विनंती'चा अर्थ लावला : हुकमापेक्षा सौम्य, पण नुसत्या सर्वसाधारण आवाहनापेक्षा ठोस, ठरावीक माणसाला ठरावीक कामासाठी केलेली. व्हर्जिनियाचं मंडळ राज्याच्या कायद्याने जन्मलं आहे. व्यापार, कला, शिक्षण आणि शासन या क्षेत्रांत इस्रायलशी संबंध वाढवण्याबाबत सल्ला देणं हा त्याचा कायद्यात लिहिलेला हेतू आहे, आणि पैसे राज्याचे आहेत. अशा संस्थेला हस्तक ठरवायचं तर तशा विनंतीचा कागद हाती हवा.

आणखी एक फट आहे. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याने परकीय हस्तक म्हणून काम करणं हा वेगळा फौजदारी गुन्हा आहे, पण त्या कलमातल्या 'लोकसेवक' या व्याख्येत राज्यांचे अधिकारी येतच नाहीत. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये न्याय विभागाच्या प्रमुखांनी, म्हणजे अॅटर्नी जनरलनी, 'फारा'चे फौजदारी खटले हेरगिरीसारख्या प्रकरणांपुरते मर्यादित ठेवण्याचा आदेश दिला. म्हणून आमचं स्पष्ट मत : 'हस्तक, हस्तक' म्हणून ओरडण्यात वर्ष घालवू नका. राज्याचे स्वतःचे कायदे जास्त कामाचे आहेत.

प्रश्न : सगळीच राज्यं परदेशी व्यापार वाढवतात. मग यात वावगं काय? (रिचमंड)

व्यापार वाढवण्यात काहीच वावगं नाही. राज्यांच्या व्यापार कचेऱ्या परदेशात असतात, गव्हर्नर शिष्टमंडळं घेऊन जातात. अमेरिकेची राज्यघटना राज्यांना परदेशाशी तह करायला मनाई करते आणि काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, संमतीशिवाय करार करू देत नाही, पण व्यापारासाठी दारं ठोठवायला आडकाठी नाही.

फरक दिशेचा आहे. राज्याची व्यापार कचेरी राज्याचा माल बाहेर विकते. एका देशापुरतं मंडळ मात्र त्या देशातल्या कंपन्यांना राज्यात आणतं, त्यांच्यासाठी अनुदानाची शिफारस करतं, कधी राज्याच्याच खात्यांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकतं. त्याच धंद्यात आधीपासून असलेल्या स्थानिक कारखान्याने कर भरायचा आणि त्याच करातून त्याच्या प्रतिस्पर्ध्याला वाट करून द्यायची, असं घडू शकतं. घडलंय की नाही, हे कागद बघूनच कळेल. म्हणून बघायचं ते असं : जाहीर झालेल्या नोकऱ्या आणि दोन-तीन वर्षांनी पगारपत्रकावर दिसणाऱ्या नोकऱ्या यांत किती अंतर आहे? अनुदान घेऊन प्रकल्प गुंडाळला, तर पैसे परत घेण्याची अट करारात होती का आणि ती वापरली का? मंडळाच्या सदस्याचा त्या कंपनीत हिस्सा किंवा सल्लागारपद होतं का? नोकऱ्यांचा आकडा मंडळाने स्वतः मोजला की दुसऱ्या कोणी तपासला? बहुतेक वेळा पाणी मुरतं ते या शेवटच्या ठिकाणी.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सदस्य कोणत्या धर्माचे, कोणत्या समाजाचे, हा प्रश्न विचारू नका. तो अन्यायाचा आहे आणि त्याने मूळ प्रश्नही बुडतो. उद्या एखाद्या राज्याने भारतासाठी असंच मंडळ काढलं, तर आपल्यापैकी अनेकांना आनंद होईल. त्या मंडळालाही हेच प्रश्न विचारायची तयारी असेल, तरच आजचे प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे.

प्रश्न : मंडळाचे कागद मागायचे आहेत. अर्ज कसा लिहू? (लाउडन काउंटी)

व्हर्जिनियाचा माहिती स्वातंत्र्य कायदा १९६८ चा आहे. पूर्णतः किंवा मुख्यतः सार्वजनिक पैशावर चालणारी कोणतीही संस्था त्याच्या कक्षेत येते. हे मंडळ आधी कार्यकारी शाखेत होतं, नंतर विधिमंडळाच्या शाखेत गेलं. त्यामुळे त्याचा कायदा शोधताना जुन्या कलमावर अडकू नका.

अर्जाला ठरावीक नमुना नाही, ई-मेल चालतो. कायद्याचं नाव घातलंच पाहिजे असंही नाही, पण घाला, म्हणजे मुदतीबद्दल वाद राहत नाही. आपलं नाव आणि राज्यातला पत्ता द्या. तो मागण्याचा संस्थेला अधिकार आहे.

सर्वाधिक अर्ज फसतात ते दोन चुकांमुळे. पहिली, कागदाऐवजी उत्तर मागणं. 'तुम्ही अमुक कंपनीला मदत का केली?' याला उत्तर देण्याचं बंधन कायद्यात नाही, नवा कागद तयार करण्याचंही नाही. दुसरी, 'सगळे ई-मेल द्या' अशी मागणी. त्यावर शोधाच्या तासांचा भलामोठा हिशेब येतो. अर्ज असा हवा :

'१ जुलै ते ३१ डिसेंबर या काळातले, कार्यकारी संचालक आणि अमुक वाणिज्य दूतावास यांच्यातले, ज्यांत "अनुदान" किंवा अमुक प्रकल्पाचं नाव आहे असे ई-मेल, जोडपत्रांसह. याच काळातल्या बैठकांची इतिवृत्तं आणि प्रवासखर्चाची बिलं. शक्य तिथे मूळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात.'

तारखा, माणसं, शोधशब्द हे तिन्ही द्या. सदस्य खासगी ई-मेलवरून मंडळाचं काम करत असतील, तर तोही सार्वजनिक अभिलेख ठरतो. म्हणून 'खासगी खात्यांसह' हे शब्द विसरू नका. इतिवृत्तं आणि बिलं पहिल्या अर्जात मागा, ई-मेल दुसऱ्या. इतिवृत्तांतून नावं आणि तारखा मिळतात, मग दुसरा अर्ज नेमका आणि स्वस्त होतो.

कामाच्या पाच दिवसांत उत्तर यायला हवं. लेखी कारण देऊन संस्था आणखी सात कामाचे दिवस घेऊ शकते. उत्तरच आलं नाही, तर तो नकार समजला जातो.

अर्जाआधी अर्धा तास काढून राज्याच्या लेखापरीक्षकांचं 'डेटा पॉइंट' संकेतस्थळ बघा. कोणत्या संस्थेने कोणाला किती पैसे दिले, ते तिथे फुकट दिसतं.

प्रश्न : शुल्काचा अंदाज हजारांत आला. आधी मिळालेल्या कागदांवरही निम्म्या ओळी काळ्या केलेल्या होत्या. आता काय करू? (अलेक्झांड्रिया)

आधी घड्याळ बघा. अंदाज पाठवल्यापासून तुम्ही उत्तर देईपर्यंत मुदत थांबते आणि ३० दिवस गप्प राहिलात, तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. अंदाज २०० डॉलरच्या वर असेल, तर आगाऊ रक्कम मागता येते. शुल्क प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त असता कामा नये. तेव्हा तास किती, कोण शोधणार, त्याचा ताशी पगार किती, हे लेखी विचारा आणि अर्ज अरुंद करा. महिना कमी केला, एक शोधशब्द काढला की आकडा झपाट्याने उतरतो.

काळ्या ओळींसाठी संस्थेने नेमकं कलम सांगायलाच हवं. अशा प्रकरणांत माहिती न देण्याच्या बहुधा दोन सवलती पुढे केल्या जातात. एक, उद्योगविकासासाठी कंपनीने गोपनीयतेच्या वचनावर दिलेली मालकीची माहिती. दोन, गव्हर्नर, विधिमंडळ सदस्य वगैरेंचे 'कामकाजी कागद'. पहिलीत कंपनीचा ताळेबंद झाकता येतो, पण मंडळाच्या संचालकाने राज्याच्या खात्याला लिहिलेलं शिफारसपत्र त्यात कसं बसतं, हे विचारा. दुसरी सवलत कायद्यात नावं असलेल्या पदाधिकाऱ्यांच्याच कार्यालयांना आहे. सल्लागार मंडळाला ती आपोआप मिळत नाही.

इथे अडलं, तर राज्याच्या माहिती स्वातंत्र्य सल्लागार परिषदेला लिहा. मत फुकट मिळतं. ते बंधनकारक नसतं, पण पुढे कामी येतं. त्यानंतर न्यायालय. राज्याच्या मंडळाविरुद्धचा अर्ज तुमच्या राहत्या भागातल्या किंवा रिचमंडच्या जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात करता येतो, वकील सक्तीचा नाही. अर्जाची प्रत मंडळाला तो दाखल करण्याच्या निदान तीन कामाचे दिवस आधी पोचवली, तर दाखल केल्यापासून सात दिवसांत सुनावणी घ्यावी लागते. प्रत न पोचल्याने तारीख हुकते, ही नेहमीची चूक. सवलत लागू आहे हे सिद्ध करण्याचा भार संस्थेवर असतो. तुम्ही जिंकलात, तर खर्च आणि वकिलाची वाजवी फी संस्थेकडून मिळू शकते.

प्रश्न : मी मेरीलँडमध्ये राहतो. मला अर्ज करता येईल का?

हा हक्क कायद्याने व्हर्जिनियाच्या नागरिकांना आणि राज्यात खप असलेल्या वृत्तपत्र-मासिकांच्या प्रतिनिधींना दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही मर्यादा वैध ठरवली. व्हर्जिनियातल्या ओळखीच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने अर्ज करायला सांगा.

प्रश्न : परदेशांचे नोंदणीकृत लॉबिस्ट आमच्या आमदारांना भेटतात का, हे कुठे कळेल? आणि परदेशवाऱ्यांचं काय? (हेन्रायको)

न्याय विभागाच्या 'फारा' संकेतस्थळावर देशाचं नाव टाकून शोधा. नोंदणीसोबतचं 'ब' जोडपत्र म्हणजे करार. त्यात काम आणि मोबदला दिसतो. खरा माल सहामाही पुरवणी निवेदनात असतो : कोणत्या तारखेला, कोणाशी, कशाबद्दल संपर्क झाला, पैसे कुठून आले आणि कुठे गेले. त्या निवेदनांत राज्यांच्या लोकप्रतिनिधींची नावंही सापडतात. वाणिज्य दूतावासातले अधिकृत मुत्सद्दी मात्र नोंदणीतून मुक्त आहेत. त्यांची भेट तुम्हाला आमदाराच्या बाजूच्या कागदांतच सापडेल.

परदेशवाऱ्यांसाठी राज्याच्या हितसंबंध आणि नीतिमत्ता सल्लागार परिषदेकडे दाखल झालेली आमदारांची निवेदनं ऑनलाइन बघा. लॉबिस्टकडून आणि त्याला नेमणाऱ्यांकडून वर्षाला १०० डॉलरच्या वर भेट घ्यायला मनाई आहे, प्रवासासाठी परिषदेची परवानगी लागते. परदेशी मान्यवराने दिलेली महागडी वस्तू राज्याच्या वतीने स्वीकारता येते, पण ती राज्याच्या संग्रहात जमा करावी लागते.

प्रश्न : कागद हाती आल्यावर ते नेऊन कुठे ठेवायचे? (नॉरफोक)

पैशाची तरतूद ठरते तिथे. व्हर्जिनियाचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अर्थसंकल्प दोन वर्षांचा असतो. गव्हर्नर डिसेंबरमध्ये मसुदा मांडतात, जानेवारीच्या सुरुवातीला दोन्ही सभागृहांच्या अर्थसमित्या ठिकठिकाणी जनसुनावण्या घेतात आणि फेब्रुवारीत बदल ठरतात. मार्चनंतर गेलात, तर वर्ष वाया. म्हणून पहिला अर्ज सप्टेंबरपर्यंत टाका, म्हणजे शुल्काची घासाघीस आणि दुसरा अर्ज धरूनही डिसेंबरला हातात काही असेल.

बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. 'मंडळ बंद करा' म्हणण्यापेक्षा आपल्या आमदाराकडे अर्थसंकल्पातल्या दुरुस्तीचं एक वाक्य लिहून द्या : तरतूद मिळण्याआधी मंडळाने मदत केलेल्या प्रत्येक कंपनीचं नाव, दिलेलं अनुदान आणि नोकऱ्यांचा तपासलेला आकडा प्रसिद्ध करावा. सोबत मिळालेल्या कागदांची एकच पानाची यादी जोडा, आणि समितीच्या कर्मचाऱ्यांना तीच प्रत आदल्या आठवड्यात ई-मेलने पाठवा. सुनावणीच्या दिवशी दिलेला जाड गठ्ठा बहुधा तिथेच राहतो.