रेकॉर्ड धुण्याचे यंत्र घरी बनवायचे आहे. जुन्या टर्नटेबलची मोटर चालेल का, आणि व्हॅक्यूम बरे की अल्ट्रासॉनिक?

जुन्या टर्नटेबलची मोटर चालणार नाही. ती मिनिटाला ३३⅓ फेरे एकसारख्या गतीने देण्यासाठी बनवलेली असते, ओढ सोसण्यासाठी नव्हे. धुतल्यावरचे पाणी ओढून घेणारी शोषनळी रेकॉर्डवर टेकवून व्हॅक्यूम सुरू केला की नळीची मखमल रेकॉर्डला अशी घट्ट धरते की तबकडी जागच्या जागी थांबते आणि खाली पट्टा नुसता घसरत राहतो. माझे पहिले यंत्र जुनी मोटर वापरण्याच्या याच मोहातून तयार झाले होते.

दुसऱ्या खेपेस मी मायक्रोवेव्हच्या तबकाखालची छोटी सिंक्रोनस मोटर लावली. मिनिटाला पाच-सहा फेरे ही गती धुण्यासाठी उत्तम. परंतु ही मोटर दर वेळी कोणत्या दिशेने सुरू होईल याचा नेम नसतो, आणि ती उलटी फिरली की रेकॉर्ड आवळून धरणारा माझा आट्यांचा नट आपोआप सैल होत असे. शेवटी बारा व्होल्टची, मिनिटाला दहा फेऱ्यांची डीसी गिअर मोटर बसवली आणि तो प्रश्न संपला.

आमच्या घरातला वाद मात्र संपला नाही. माझे थोरले बंधू, दादा, यांच्या मते रेकॉर्ड पुसायची असते, धुवायची नसते. ते आयुष्यभर कोरडा मखमली ब्रश फिरवत आले आहेत. माझ्या यंत्रातून तीसेक एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या, व्हिनाइल या प्लास्टिकच्या रेकॉर्ड) निर्धोक बाहेर पडल्यावर त्यांनी परीक्षा घ्यावी तशी वडिलांची ७८ फेऱ्यांची एक रेकॉर्ड माझ्यापुढे ठेवली. मीही उत्साहाच्या भरात तिच्यावर तेच द्रावण ओतले, ज्यात अर्धे आयसोप्रोपिल अल्कोहोल होते. पाहता पाहता चकाकी गेली आणि ब्रश काळपट झाला. त्या काळातल्या बहुतेक ७८च्या रेकॉर्ड लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारा कोणताही कारागीर चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवून घेतो, हे मला चांगले ठाऊक होते. त्या दिवशी ते आठवले नाही, एवढेच. तेव्हापासून घरात वाक्य ठरलेले आहे, “तुझ्या यंत्राने वडिलांची रेकॉर्ड खाल्ली.”

यंत्राने खाल्ली नाही. द्रावणाने खाल्ली आणि ते द्रावण मी ओतले. यंत्राने उलट उरलेले द्रावण खेचून घेतले, म्हणून थोडाफार आवाज शाबूत राहिला. माझे म्हणणे आजही तेच आहे, की अशा यंत्राचे खरे काम घासणे नसून शोषणे आहे. रेकॉर्डवरची खाच केसापेक्षाही अरुंद असते. कोरडा ब्रश वरवरची धूळ उचलतो आणि उरलेली आत दाबतो. ओला ब्रश ती सुटी करतो, पण पाणी तिथेच वाळू दिले तर सुटलेला मळ पुन्हा खाचेच्या तळाशी बसतो. म्हणून सर्व लक्ष नळीकडे द्यावे. नळीचे एक टोक बंद, खालच्या अंगाला साधारण नऊ सेंटीमीटर लांब आणि दीड-दोन मिलिमीटर रुंद फट, आणि फटीच्या दोन्ही कडांना मखमलीच्या पट्ट्या असाव्यात. नळी आणि व्हॅक्यूम क्लीनर यांच्यामध्ये घट्ट झाकणाची बरणी अवश्य ठेवावी, म्हणजे पाणी बरणीत पडते आणि मोटरकडे केवळ हवा जाते. लेबलावर रबरी चकती ठेवायला विसरू नये.

त्याच बरणीत, दादांनी ‘स्वच्छ’ म्हणून दिलेल्या एका एलपीचे पाणी राखाडी होऊन उतरले. मी ते जपून ठेवले आणि त्यांना दाखवले. तो मखमलीचा रंग आहे, असे ते म्हणाले. मी पांढरी मखमल लावली आणि त्यांची दुसरी एलपी धुतली. पाणी पुन्हा राखाडीच आले. त्यानंतर ते बरणीकडे पाहत नाहीत.

अल्ट्रासॉनिकचे, म्हणजे टाकीतल्या पाण्यात कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून धुण्याचे, म्हणाल तर ते खोलवर साफ करते, मात्र टाकी स्वतःच तापते आणि व्हिनाइल उष्णतेने वाकते. पाणी ३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि त्यात अल्कोहोल मुळीच घालू नये, कारण त्याची वाफ पेट घेऊ शकते. हाच धोका व्हॅक्यूमलाही आहे, कारण क्लीनरच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. हे खरे तर मी आधीच सांगायला हवे होते. बरणी पाणी अडवते, वाफ अडवत नाही, म्हणून अल्कोहोल मी आता वापरतच नाही. नळी दोन फेऱ्यांपेक्षा जास्त वेळ टेकवू नये, नाहीतर रेकॉर्डवर स्थिर विद्युतभार चढतो आणि ती खोलीतली धूळ नव्याने गोळा करते. नळाचे पाणी क्षार मागे सोडते, त्यामुळे डिस्टिल्ड पाणीच घ्यावे.

लाखेच्या रेकॉर्डसाठी या पाण्यात फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता सारखे पसरावे म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन-चार थेंब पुरतात. तडा गेलेली रेकॉर्ड मात्र भिजवू नये, आणि चांगलीही लगेच शोषून कोरडी करावी. दादांच्या कपाटातल्या उरलेल्या रेकॉर्ड अशा रीतीने धुऊन देण्याची माझी तयारी आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितले आहे.