नाशिकमध्ये स्टार्टअपला पैसा का मिळत नाही? जुनी पिढी आडवी येते का?

आडवी येते असं नाही, तिचा हिशोब वेगळा आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप उभं केलेल्या काकांना तारण, ऑर्डर आणि रखडलेलं पेमेंट कळतं. कंपनीतला हिस्सा देऊन पैसे घेणं म्हणजे घर विकल्यासारखं वाटतं. तुम्ही व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची अंदाजे किंमत, सांगता, ते विचारतात, "पहिलं बिल कधी फाडलं?" प्रश्न रास्तच आहे म्हणा.

पण इथे गुंतवणूक येतच नाही, हे काही खरं नाही. नाशिकजवळच्या मोहाडीतल्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी उभे केले. अर्थात, आधी द्राक्ष निर्यात करून दाखवली होती.

म्हणून त्या काकांकडे आधी चेक नको, ट्रायल ऑर्डर मागा.