‘तुलनात्मक लाभ’: तुलना कशाची?

प्रश्न असा: ‘कंपॅरेटिव्ह ॲडव्हांटेज’ला ‘तुलनात्मक लाभ’ म्हणणं बरोबर आहे का? आणि ‘कॅपिटल मोबिलिटी’ला ‘भांडवलाची चलनशीलता’ चालेल का?

पहिला शब्द रुळलेला आहे, पण फसवा. ‘लाभ’ म्हटलं की नफा आठवतो आणि ‘तुलनात्मक’ म्हटलं की दोन देश शेजारी उभे करून कोण सरस ते बघायचं, असं वाटतं. त्या सरसपणाला ‘निरपेक्ष लाभ’ म्हणतात. इथली तुलना वेगळी.

ही कल्पना मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचं १८१७चं उदाहरणच घ्या. ठरावीक कापडाला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालमध्ये तेवढ्याच कापडाला ९०, वाइनला ८०. पोर्तुगाल दोन्हींत पुढे. पण वाइनच्या एका नगापायी इंग्लंडला कापडाचे १.२ नग सोडावे लागतात, पोर्तुगालला जेमतेम ०.८९. म्हणून पोर्तुगालनं वाइन करावी आणि दोन्हींत मागे असलेल्या इंग्लंडनं कापड. तुलना आहे ती अशी, काय मिळवायला काय सोडलं याची. ‘तुलनात्मक खर्च’ हा पाठ्यपुस्तकी शब्द मला म्हणूनच जास्त नेमका वाटतो. ‘लाभ’च वापरायचा तर ‘अमुक देशापेक्षा तुलनात्मक लाभ’ असं लिहू नका. ‘पेक्षा’ आला की वाचक थेट निरपेक्ष लाभाकडे जातो. ‘कापडात तुलनात्मक लाभ’ लिहा. वस्तू सप्तमीत हवी.

‘चलनशीलता’ मात्र टाळाच. अर्थशास्त्रात ‘चलन’ म्हणजे नोटा-नाणी. ‘भांडवलाची चलनशीलता’ वाचून कुणालाही विनिमय दर आठवेल. ‘गतिशीलता’ म्हणा. तिची ‘ओघा’शीही गल्लत नको: ओघ म्हणजे प्रत्यक्ष आलेला-गेलेला पैसा, गतिशीलता म्हणजे त्याला जाता येण्याची मुभा. ओघ आटला तरी मुभा असू शकते.

हे दोन शब्द एकत्र विचारलेत ते बरं झालं, कारण दुसरा पहिल्याच्या मुळावर येतो. वरचेच आकडे मोजा. दोन्ही देशांनी दोन्ही वस्तू केल्या तर ३९० माणसं लागतात, वाटून केल्या तर ३६०. पण भांडवल आणि कामगार दोन्ही सीमा ओलांडून गेले आणि सगळंच पोर्तुगालमध्ये झालं तर ३४०च! मग निरपेक्ष लाभच सगळं ठरवतो. रिकार्डोला हे ठाऊक होतं. भांडवलवाले परक्या देशात पैसा न्यायला बिचकतात, यावर त्याची भिस्त होती, आणि ती भावना दुबळी झाली तर आपल्याला वाईट वाटेल, असंही त्यानं लिहून ठेवलंय.

जाता जाता: ‘परिवर्तनीयता’, म्हणजे एक चलन देऊन दुसरं घेता येणं, हा तिसराच शब्द. ती रुपयाची असते, भांडवलाची नव्हे. रुपया १९९४पासून चालू खात्यावर (आयात-निर्यातीसारख्या व्यवहारांसाठी) परिवर्तनीय आहे, भांडवली खात्यावर (गुंतवणूक, कर्ज यांसाठी) अजून पुरता नाही.